एकशे बारा नंबरचं मूळ

सर, तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. अजूनही कॉलेजात कुणी "गावंडे सर" म्हटलं की मी दाराकडे बघते.

त्या गुरुवारी दुपारी मी प्रयोगशाळेत बाटल्या धूत होते. आपले शिपाई किसनदादा दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते थेट आत येतात, स्टुलावर टेकतात, पाणी मागतात. त्या दिवशी चौकटीला हात लावून उभेच राहिले. म्हणाले, "वत्सलाबाई, गावंडे सर गेले."

मी म्हटलं, "हो, कालच गेले. जळगाव जामोदला. आज संध्याकाळी येतील."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी आणखी एक बाटली विसळली, पालथी घातली, हात पुसले. टोपी का काढली असेल, असा विचार करत मी हात पुसत होते, आणि पुसता पुसता मला ते कळलं.

कळलं म्हणजे कानाला कळलं. मी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि फोन कुणी घेतला ते विचारलं. कारकुनांनी सांगितलं, जळगाव जामोदहून सरांचे धाकटे भाऊ बोलत होते. मी म्हटलं, आवाज नीट आला का? ट्रंक कॉलवर काहीचं काही ऐकू येतं. मग मी पोस्टात गेले आणि तिथून परत फोन लावायला लावला. तिकडे कुणी तरी रडत होतं, तेच उत्तर होतं. तरी मी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन जळगाव जामोदहून येणाऱ्या गाडीची वाट बघितली. एकदा आलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे, हे तुम्हीच शिकवलं होतं ना. कंडक्टर खाली उतरला. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तुम्ही त्या मास्तरांच्या कॉलेजातल्या का? माह्याच अकराच्या गाडीत बसणार होते ते."

त्याने सांगितलं ते असं. तुम्ही बाकावर बसला होता. पायाशी पोतं होतं. गाडी लागली, सगळे चढले, तुम्ही उठला नाहीत. त्याला वाटलं डोळा लागला, म्हणून त्याने खाली येऊन खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असावी. बाजूला बसलेल्या म्हातारीला कळलंसुद्धा नाही. ती तुम्हाला वांग्यांचा भाव विचारत होती.

शोकसभा झाली. तुमचा जन्म, तुमच्या पदव्या, पुण्यातली प्रयोगशाळा सोडून आपल्या जिल्ह्यात परत आलात तो त्याग, असं सगळं बोलून झालं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले आणि खाली बसले. मला जे सांगायचं आहे ते सभेत सांगण्यासारखं नाही. ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

मुलाखतीचा दिवस आठवतो का तुम्हाला? वरवट बकालहून मी पहाटेच्या गाडीने आले होते, इंटर सायन्सचं प्रमाणपत्र पिशवीत घेऊन. समितीतल्या एका गृहस्थांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं ते पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे. माझे वडील मला नेहमी सांगायचे, धम्म घेतला तेव्हापासून आपण मान खाली घालणं सोडलं. म्हणून मी दोन्ही वेळा सारख्याच आवाजात आडनाव सांगितलं. तुम्ही खिडकीशी बसून पेन्सिल तासत होता. वर न बघता विचारलंत, "गांडूळ हातात धरता येते का तुले?"

मी म्हटलं, "येते."

"किळस नाही येत?"

"शेतात निंदायला गेलं की निघतातच ती. किळस करून कसं चालेल."

तुम्ही पेन्सिलीवर फुंकर मारली आणि म्हणालात, "मंग सोमवारपासून ये." पहिल्याच दिवशी मी भरलेल्या माठातलं पाणी तुम्ही सगळ्यांच्या समोर प्यालात आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीत. मीही बोलले नाही. आज बोलते.

त्या खोलीत आपण काय करतो ते मला समजायला दोन महिने गेले. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याहून मुळं, साली, बिया आणायचा. मी त्या सुकवून, कुटून, उकळून त्यांचा अर्क काढायचा. प्रत्येक अर्काला एक नंबर. मग काचेच्या बशीत अर्क घालायचा, त्यात गांडुळं सोडायची आणि घड्याळ लावून बसायचं. गांडूळ किती वेळात वळवळायचं थांबतं ते मी वहीत लिहायची. लवकर थांबलं तर त्या झाडात जंतांवरचं औषध असण्याची आशा. पोटातले जंत आणि मातीतलं गांडूळ दिसायला सारखे, आणि गांडूळ फुकट मिळतं, म्हणून ही परीक्षा.

जंतच का, हे मी विचारलं नव्हतं. वहिनींनीच एकदा सांगितलं. तुमची लेक शकू चार वर्षांची असताना तिचं पोट फुगलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. आतड्यात जंतांची गाठ झाली होती. तालुक्याच्या दवाखान्यात औषध असतं तर, असं वहिनी म्हणाल्या. तुम्ही शकूचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाहीत. फक्त बशीतलं गांडूळ थांबलं की तुमचा श्वास थांबलेला मला ऐकू यायचा.

पहिल्या वर्षी आपल्या बशीत जे घालू त्याने गांडुळं मरत होती. तुम्हाला वाटलं, सातपुडा औषधांनी भरलेला आहे. मलाही वाटलं. मग आलं सत्तेचाळीस नंबरचं मूळ. चार मिनिटांत सगळी गांडुळं निपचित. तुम्ही उठून खिडकीशी गेलात आणि पाठमोरे उभे राहिलात बराच वेळ. त्या आठवड्यात तुम्ही पायथ्याच्या एका गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांना पत्र लिहिलंत. तिथल्या निम्म्या पोरांची पोटं पुढे आलेली होती. पुढच्या शनिवारी आईबापांना बोलवा, मी स्वतः काढा घेऊन येतो, असं त्या पत्रात होतं. पत्र मीच पेटीत टाकलं.

आणि त्याच संध्याकाळी मी सत्तेचाळीसची बाटली धुवायला घेतली.

पाणी घातलं आणि हलवली, तर फेस. साबण अजून लावलाही नव्हता. फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला आणि तसाच राहिला. बाटली विसळली तर अशी लख्ख निघाली की साबणाने कधी निघाली नव्हती. माझी आई हिंगणबेटाच्या फळाच्या गराने लुगडी धुते. तोच फेस, तोच बोटांना लागणारा बुळबुळीतपणा. मी बाटली खाली ठेवली.

दोन दिवस मी गप्प बसले, सर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं माझ्या ते लक्षात आलं आणि लगेच मी बोलले. नाही. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते, तू बाटल्या धुणारी, तुला काय कळतं. तिसऱ्या दिवशी मी एका बशीत कपड्यांच्या साबणाचं पाणी घातलं आणि त्यात गांडुळं सोडली. पाच मिनिटांत ती निपचित पडली. औषधाला चार मिनिटं, साबणाला पाच.

तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, फेस येतो म्हणून औषध नाही, हे कुठं लिहिलं आहे? ते खरं होतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, गांडूळ कातडीने श्वास घेतं, कातडीवरचा ओलावा साबणाने निघाला की ते मरतंच. पोटातल्या जंताची कातडी चिवट असते. तुम्ही म्हणालात, "तुले जंताची कातडी कोणं दाखवली?"

कुणी दाखवली नव्हती. म्हणून मी बघायला गेले. बाजारामागे कोंबड्या कापतात तिथल्या चाचांकडे आतडी मागितली. ते म्हणाले, बेटी, ये तो हम फेंक देते, तू क्या करेगी? मी सांगितलं, शाळेतल्या मुलांसाठी हवीत. त्यांनी स्वतः आतडी चिरून दिली. त्यात पांढरे, बोटभर जंत होते, जिवंत. कोमट मिठाच्या पाण्यात ते मी आणले. सत्तेचाळीसच्या अर्कात सोडले. सकाळी दहाला सोडलेले जंत संध्याकाळी पाचला सुईने टोचले की वळत होते.

तुम्ही ते बघितलंत. मग मी शेवटची गोष्ट केली. सुई माझ्या बोटात टोचली, चार थेंब रक्त मिठाच्या पाण्यात घातलं. लालसर गढूळ पाणी. त्यात सत्तेचाळीसचे थोडे थेंब सोडले. तुमच्या डोळ्यांदेखत गढूळपणा गेला आणि पाणी सरबतासारखं आरपार लाल झालं. रक्तातल्या पेशी फुटून विरघळल्या होत्या. ज्या मुलाच्या आतड्याला आधीच जखमा आहेत त्याच्या पोटात हे गेलं तर काय होईल, ते मला बोलावं लागलं नाही.

शुक्रवार होता तो. तुम्ही खुर्चीत बसलात. म्हणालात, "उद्या पोट्टे येतीन शाळेत. त्यांचे मायबाप येतीन."

मी म्हटलं, "मग त्यांना सांगा, औषध नाही."

"तू सांगशील?"

"पत्र तुम्ही लिहिलं होतं, सर."

हे वाक्य मी बोलले यावर माझाच विश्वास बसत नव्हता. तुमचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आपण दोघं गेलो. शाळेच्या ओट्यावर आईबाप बसले होते, कडेवर पोरं. तुम्ही उभे राहून सांगितलंत की मी घाई केली, मले जे औषध वाटलं ते औषध नाही, माही चूक झाली. तुम्ही माझं नाव घेऊन सुटू शकला असता, ते केलं नाहीत. एक बाप मागून उठला, डोंगरातल्या पाड्यावरून पायी आलेला. त्याने विचारलं, "मंग आता काय द्या पोराले?" परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि मी तुमच्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर सव्वा महिना तुम्ही माझ्याशी कामापुरतंही नीट बोलला नाहीत. मी नोकरी सोडायची ठरवली होती. चिठ्ठी लिहून ठेवली होती. ती द्यायला आले त्या सकाळी भिंतीवर तुमच्या अक्षरात एक कागद लावलेला होता. कोणताही अर्क बशीत घालण्याआधी बाटली हलवून फेस बघणे. लोखंडाच्या क्षाराचा थेंब घालून शाई होते का बघणे, कारण साली तुरट असल्या की त्या कातडं आवळतात आणि बशीतलं काहीही मारतात. बाभळीची साल मोटेचं कातडं कमावते, ती गांडुळाला काय सोडणार? मग रक्ताचा थेंब. शेजारी नेहमी एक बशी नुसत्या साबणपाण्याची. आणि शेवटी कोंबडीचे जंत. खाली लिहिलं होतं, "यातून जे वाचेल तेच वहीत." मी ती चिठ्ठी पदराखाली फाडली.

मग वर्षभर आपण ते सगळं परत तपासलं. पहिल्या वर्षीच्या जवळजवळ सगळ्या आनंदाचा फेस झाला किंवा शाई. तुम्ही प्रत्येक नंबरवर काट मारताना आधी माझ्याकडे बघायचा. पुण्यात तुमच्या बोलण्याला लोक हसायचे, "मले-तुले" म्हणून चिडवायचे, ते तुम्ही त्या दिवसांत सांगितलंत. म्हणालात, तिथं माझं मराठी तपासायचे, माझी बाटली कुणी तपासली नाही. इथं उलट आहे, ते बरं आहे.

आणि त्यानंतर तुम्ही तो लेख पाठवलात. फसवणाऱ्या अर्कांना कसं ओळखावं, यावरचा. छापून आला तेव्हा तुम्ही अंक माझ्या टेबलावर ठेवलात आणि वाच म्हणालात. मी वाचला. फेस होता, शाई होती, माझ्या बोटातलं रक्त होतं. नाव एकच होतं. तळटीपेत "प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे" आभार होते. प्रयोगशाळेत सहकारी एकच होती.

सर, मी तेव्हा म्हटलं, छान झालाय. ते खोटं होतं. लेख खरंच छान होता, पण मला तसं वाटलं नव्हतं. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात, काही तरी बोलणार होतात असं मला वाटलं, मग किसनदादा आले. तुमच्या ते लक्षात आलं होतं का? तुम्हाला सवय नव्हती म्हणून राहिलं, की कुणी तरी तुम्हाला सांगितलं? मी एकदा विचारायला हवं होतं. रागाने नाही, नुसतं विचारायला. आता ते उत्तर कुणाकडेच नाही. वहिनींना विचारणं बरोबर नाही.

त्या रागाचं मी काय केलं ते सांगते. मी कडक झाले. फेस आला की काट. शाई झाली की काट. एखादी बाटली जरा जास्त वेळ हातात धरली की मला वाटायचं, आपण फसतोय. या पावसाळ्यानंतर तुम्ही आणलेलं एकशे बारा नंबरचं मूळ तसंच फेसाळलं. मी काट मारली आणि उरलेलं मूळ फेकून दिलं, कारण कपाटात जागा नव्हती. तुम्ही मंगळवारी विचारलंत, एकशे बारा कुठं आहे?

मी म्हटलं, फेस होता.

तुम्ही म्हणालात, फेसाचा भाग वेगळा काढून टाक, मग उरलेलं पाह्य. फेसाखाली दुसरं काही असू शकते. ज्या गावाहून आणलं तिथल्या बाया लेकरांना हे मूळ देतात आणि जंत पडतात म्हणतात. मी म्हटलं, सत्तेचाळीसबद्दलही लोक तसंच म्हणत होते. बाया म्हणतात म्हणून काय? तुम्ही म्हणालात, तुझी आई लुगडी कशाने धुते त्यावरून तर आपण शहाणे झालो.

मी जास्तच ताठ बोलले. फेसाळणाऱ्या सगळ्या वस्तू सारख्याच, प्रत्येकीच्या मागे लागत बसलो तर जन्म जाईल, असं काही तरी.

तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही चष्मा काढला, पुसला आणि म्हणालात, "वत्सला, मी पहिले सगळ्याले हाव म्हणत होतो. तू आता सगळ्याले नाही म्हणून राह्यली. दोन्ही आंधळेपणच आहे."

मी बाटल्या धुवायला वळले. तुम्ही माझ्या पाठीमागून म्हणालात, उद्या जातो, भावाकडे मुक्काम करतो, गुरुवारी सकाळी पायथ्याशी जाऊन ताजं मूळ आणतो. मी "बरं" म्हटलं. तेही मागे वळून न बघता. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द "बरं" आहे.

तुमच्या पायाशी जे पोतं होतं त्यात ते होतं, सर. मी फेकलेलं मूळ होतं.

हे कळल्यापासून मला झोपेचं, जेवणाचं काही विशेष झालेलं नाही. मी झोपते, जेवते. फक्त सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं दिसतं. परवा बाजारात तुमच्यासारखा पांढरा शर्ट दिसला आणि मी त्याच्या मागून तेलीपुऱ्याच्या वळणापर्यंत चालत गेले, आणि तो माणूस वळला तेव्हा मला त्याचाच राग आला.

तेरवीच्या दिवशी तुमच्या भावाने पोतं मला दिलं. ते म्हणाले, यात दादाचं कामाचं काही आहे, आम्हाला कळत नाही. मी ते कॉलेजात आणलं आणि दोन दिवस तोंड सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं. मुळं धुऊन, चिरून, सुकवून ठेवलेली नव्हती अर्थातच, तुम्ही ती तशीच ओल्या मातीसकट भरली होती. मातीला अजून वास होता. मी अर्क काढला. फेस आला, पहिल्यासारखाच. मग तुम्ही सांगितलं होतं तसं केलं. फेसाचा भाग वेगळा काढला, दोनदा, बाटली हलवल्यावर पाणी नुसतं पाण्यासारखं हलेपर्यंत. रक्ताचा थेंब गढूळच राहिला. शाई झाली नाही. चाचांकडून जंत आणले. त्यांनी तुमची चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि थोड्या वेळाने परत उचलली.

काल सकाळी दोन बशा मांडल्या. एकीत तुमचं मूळ, एकीत नुसतं मिठाचं पाणी. आणि इथे मला एक गोष्ट कळली, जिची मला भीती वाटते. तासाभराने मी बघितलं तर तुमच्या बशीतले जंत मंद झाल्यासारखे वाटले. मी लिहिलं, "मंद". परत बघितलं, मंद वाटेनात. परत बघितलं, वाटले. माझा हात मला जे हवं आहे ते लिहीत होता. सत्तेचाळीसच्या वेळी तुम्ही खिडकीशी पाठ करून उभे होता तेव्हा तुम्हाला काय वाटत असेल, ते मला काल पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा तुम्हाला भोळं समजत होते.

"मंद" हा शब्द मी खोडला. अशा वेळी बघणारा दुसरा हवा आणि कोणती बशी कशाची हे त्याला माहीत नको. पण दुसरं होतं कोण?

संध्याकाळचे पाच वाजत आले तेव्हा वहिनी आल्या. तुमचा कोट आणि चष्म्याचं घर न्यायला आल्या होत्या, थोरल्या जावेला बाहेर व्हरांड्यात बसवून. या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. कोट खुंटीवरून काढून त्यांनी हातावर घेतला आणि कपाटांकडे, बाटल्यांकडे, नंबरांकडे बघत राहिल्या. मग बशांकडे बघून विचारलं, हे काय चाललं आहे? मी सांगितलं, सरांनी आणलेलं मूळ आहे. कोणत्या बशीत आहे ते सांगितलं नाही. मी म्हटलं, वहिनी, माझे डोळे आज भरवशाचे नाहीत. तुम्ही बघाल का? ही सुई घ्या. प्रत्येकाला हळूच टोचा आणि कोणत्या बशीतले हलतात ते मला सांगा.

मला वाटलं त्या नाही म्हणतील. शकूला काय झालं होतं ते माहीत असून मी त्यांच्या हातात ती सुई दिली, हे माझं मलाच नंतर भयंकर वाटलं. त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि बशीवर वाकल्या. एकेक जंत टोचत गेल्या. घाई केली नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. माझ्या आयुष्यात मी देवाकडे काही मागितलेलं नाही, आमच्या घरात ते मागणं नाही. पण त्या पाच मिनिटांत मी कुणाकडे तरी मागत होते की माझं चुकलेलं निघू दे. मी फेकलं ते औषध असू दे. सर बरोबर असू देत.

वहिनी सरळ झाल्या. म्हणाल्या, "दोन्हीतले जिते आहेत."

मी म्हटलं, "परत एकदा बघा."

त्यांनी परत बघितलं. तेच. मग त्यांनी विचारलं, यांचं मूळ कोणत्या बशीत होतं? मी दाखवलं. त्यांनी त्या बशीत परत वाकून बघितलं. तिच्यात जंत वळवळत होते, चांगले, ताजे.

"म्हंजे हेबी नाही," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मला रडू आलं ते त्याच वेळी, सर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मीच ते मूळ फेकलं होतं वहिनी, म्हणून सर ते परत आणायला गेले. मी फेकलं नसतं तर ते इथे असते.

वहिनींनी सुई धुवायच्या वाटीत ठेवली. म्हणाल्या, तू फेकलं नसतं तरी त्यांना जायचंच होतं, दर महिन्याला जात होते. घरी बसणारा माणूस नव्हता तो. मग म्हणाल्या, "रविवारी बोलले होते मले, की वत्सला आता माह्याशी भांडते, बरं वाटते."

मला हे तुमच्याकडून ऐकायला आवडलं असतं.

त्यांनी वहीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, आता यात काय लिहिशील? मी म्हटलं, नाही असंच लिहावं लागेल. त्यांनी खुर्ची ओढली, तुमच्या टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मंग लिह्य तसं."

मी लिहिलं. एकशे बारा, फेस काढून, कोंबडीचे जंत, परिणाम नाही. आणि सवयीने वही तुमच्या टेबलावर सरकवली, तपासून सही करायला. सरकवल्यावर लक्षात आलं. ती परत ओढायला मी हात पुढे केला, पण वहिनींनी वही जवळ घेतली होती. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पूर्ण वाचली, एकेक अक्षर, मग माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि जिथे तुमची सही असते तिथे आपलं नाव लिहिलं.